सूर जुळला आणि पंख तुटला

वॉशिंग मशीन कपडे पिळायला लागतं तेव्हा एक गंमत होते. वेग वाढता वाढता एका टप्प्यावर ते असं थडथडतं की शेजारची बादलीही सरकते. वेग त्याहून वाढला की एकदम शांत. पिळून झाल्यावर थांबता थांबता पुन्हा तोच टप्पा येतो आणि पुन्हा थडथड. म्हणजे सगळ्यात जास्त त्रास सगळ्यात जास्त वेगाला होत नाही, एका ठरावीक वेगाला होतो.

शाळेच्या पुस्तकात याला अनुनाद म्हणतात. प्रत्येक वस्तूला हलण्याचा स्वतःचा एक ठेका असतो. धक्का देऊन सोडून दिलं की ती त्याच ठेक्यात हलत राहते. सेकंदाला ती किती वेळा हलते, ती तिची नैसर्गिक वारंवारिता. घरातला झोपाळा आठवा. त्यावर आजोबा बसले असले तरी पाच वर्षांची नात त्यांना चांगला झोका देऊ शकते. तिचा जोर मोठा नसतो, वेळ बरोबर असते. झोपाळा मागे येऊन परत पुढे निघाला की ती ढकलते आणि प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात जमा होत जातो. सतारीची वरची तार छेडली की खालची तरफेची तार कुणी हात न लावता गुणगुणते, तेही याच कारणाने.

संगीतात आपण सूर जुळवण्यासाठी वेळ घालवतो. विमान बनवणारा अभियंता बरोबर उलटं काम करतो. इंजिनाचा ठेका पात्यांच्या, पंखाच्या किंवा चाकांच्या ठेक्याशी जुळू नये यासाठी तो झटतो. लष्करी विमानांत हे काम आणखी अवघड होतं. तिथे इंजिनाची ताकद क्षणात वाढवावी-घटवावी लागते, वाईट धावपट्टीवर आदळत उतरावं लागतं आणि तेच विमान कित्येक दशकं वापरात राहतं. हा सूर नको तेव्हा जुळला तर काय होतं, ते आज पाहू.

व्हायोलिनचा गज

पहिली गोष्ट १९४३ सालच्या जर्मनीतली. युंकर्स कंपनीत आन्सेल्म फ्रान्त्स यांच्या देखरेखीखाली युमो ००४ हे जेट इंजिन तयार होत होतं. हिटलरच्या हवाई दलाला ते मेसरश्मिट २६२ या लढाऊ विमानासाठी हवं होतं. पण चाचण्यांमध्ये टर्बाइनची पाती तुटू लागली. जेट इंजिनात टर्बाइनचं पातं तुटणं म्हणजे आतल्या आत बंदुकीची गोळी सुटण्यासारखंच. धातू खराब आहे का, पात्यांचा पृष्ठभाग खडबडीत राहतो का, असे तर्क चालले होते.

खरं कारण माक्स बेन्टेले या अभियंत्याने ओळखलं. या इंजिनात टर्बाइनच्या आधी सहा ज्वलनकक्ष गोलाकार बसवलेले होते. प्रत्येक कक्षासमोरून जाताना पात्याला गरम वायूचा एक धक्का बसे, म्हणजे एका फेरीत सहा धक्के. टर्बाइनच्या मागे तीन आधारदांडे होते, त्यांचीही यात भर पडत होती. मिनिटाला ९,००० फेरे म्हणजे सेकंदाला १५०. त्याला सहाने गुणलं तर सेकंदाला ९०० धक्के. पात्याचा स्वतःचा ठेका नेमका याच्या आसपास पडत होता. झोपाळ्याला नात मिळाली होती!

पात्यांचा ठेका मोजायला आजच्यासारखी उपकरणं नव्हती. फ्रान्त्स यांनी नंतर सांगितलं आहे की, त्यासाठी स्वरांची अचूक जाण असलेला एक व्यावसायिक संगीतकार बोलावला गेला. तो व्हायोलिनचा गज पात्यावर फिरवायचा आणि निघालेला स्वर ऐकून पात्याची वारंवारिता सांगायचा. उपाय अगदी साधे निघाले. पात्याचा निमुळतेपणा वाढवला, लांबी एक मिलिमीटरने कमी केली आणि इंजिनाचा कमाल वेग ९,००० वरून ८,७०० फेऱ्यांवर आणला. पात्याचा स्वर वर गेला, धक्क्यांचा ठेका खाली आला. दोघांची गाठ पडेना आणि पाती टिकू लागली. एक मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. लक्षात ठेवायचं ते हे, की पात्याला काय सोसतं हे केवळ धातूवर ठरत नव्हतं, लयीवरही ठरत होतं.

जमिनीवरचा धोका

दुसरा प्रकार हेलिकॉप्टरचा. तो हवेत नाही, जमिनीवर घडतो. अनेक हेलिकॉप्टरांची पाती मध्यभागी बिजागरीने जोडलेली असतात, त्यामुळे फिरताना ती थोडी पुढे-मागे सरकू शकतात. समजा, उतरताना एक चाक आधी टेकलं. त्या हिसक्याने पात्यांमधलं अंतर सारखं राहत नाही. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा व्हावी तसं वरच्या फिरत्या पात्यांचं वजन एका बाजूला जातं. खाली हेलिकॉप्टर चाकांच्या रबरावर आणि धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर उभं असतं, म्हणजे त्यालाही डुलण्याचा स्वतःचा ठेका आहे. वरची ओढ आणि खालचं डुलणं जुळलं की अक्षरशः काही सेकंदांत हेलिकॉप्टर स्वतःला हलवून हलवून मोडून टाकतं.

याचं गणित अमेरिकेत रॉबर्ट कोलमन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांडलं. वैमानिकांना यावरचा उपाय शिकवला जातो. पात्यांचा वेग उडण्याइतका असेल तर ताबडतोब हेलिकॉप्टर हवेत उचलायचं. नसेल तर इंजिनाची ताकद काढून पाती थांबवायची. थरथरणारं यंत्र घेऊन वर जायचं हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं. पण चाकं जमिनीवरून सुटली की खालचा झोपाळाच नाहीसा होतो. इथे देखभालीचं महत्त्वही कळतं. चाकात हवा कमी असणं किंवा धक्के शोषणारा दांडा बिघडलेला असणं ही वरवर किरकोळ कामं. पण त्यांनीच हेलिकॉप्टरचा ठेका बदलतो.

सेकंदाला पाच, मग तीन

तिसरी गोष्ट सर्वांत दुःखाची. ती सुरू झाली एका प्रवासी विमानापासून आणि पुढे नौदलापर्यंत पोहोचली. लॉकहीड कंपनीचं इलेक्ट्रा हे चार पंख्यांचं, टर्बोप्रॉप इंजिनांचं विमान १९५९ साली प्रवासी सेवेत आलं. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला ह्यूस्टनहून डॅलसला जाणाऱ्या एका नव्याकोऱ्या इलेक्ट्राचा डावा पंख हवेतच तुटला. ३४ जण गेले. तपास सुरू होता, कारण सापडत नव्हतं. १७ मार्च १९६० रोजी इंडियाना राज्यावर दुसऱ्या इलेक्ट्राचा उजवा पंख तुटला. ६३ जण गेले.

विमानं जमिनीवरच ठेवा, अशी मागणी झाली. अमेरिकेच्या हवाई वाहतूक खात्याचे प्रमुख एलवूड केसाडा हे हवाई दलातले निवृत्त सेनानी होते. त्यांनी विमानं पूर्ण थांबवली नाहीत, वेगावर कडक मर्यादा घातली. लॉकहीडचे अभियंते आणि नासाचे शास्त्रज्ञ कामाला लागले. बोइंग आणि डग्लस हे लॉकहीडचे धंद्यातले प्रतिस्पर्धी, पण त्यांनीही मदत केली.

उत्तर भोवऱ्यात होतं. वेगाने फिरणारा पंखा हा एक मोठा भोवराच. भोवऱ्याला टिचकी मारली की तो पडत नाही, डुलू लागतो. इंजिन पंखावर घट्ट बसवलेलं असेल तर पंख्याचं हे डुलणं लगेच विरून जातं. पण इंजिनाचा आधार कुठे कमजोर झालेला असेल, एखाद्या आदळलेल्या लँडिंगने समजा, तर डुलणं विरत नाही, वाढतं. घट्ट आधारावर हे डुलणं सेकंदाला सुमारे पाच वेळा होतं. आधार सैलावत गेला की डुलणं मोठं होतं आणि त्याचा ठेका संथ होत जातो. पाचावरून तो तीनाच्या आसपास आला की तिथे आधीच कुणीतरी उभं असतं. इलेक्ट्राच्या पंखाचा स्वतःचा ठेका तेवढाच होता. इंजिन आणि पंख एका तालात हलू लागले आणि पंख तुटला.

मन अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. फिरत्या पंख्याचं असं डुलणं वाढत जाऊ शकतं, हे टेलर आणि ब्राउन या दोन अभियंत्यांनी १९३८ सालीच कागदावर मांडलं होतं. वीस वर्षं ते पुस्तकात होतं. प्रत्यक्ष विमानाला त्याने काही होईल असं कुणाला वाटलं नाही, कारण धडधाकट विमानाला त्याने काही होतही नव्हतं. सैल झालेल्या विमानाचं गणित कुणी केलं नव्हतं.

लॉकहीडने स्वतःच्या खर्चाने सगळ्या इलेक्ट्रा विमानांच्या इंजिनांचे आधार आणि पंख मजबूत केले. या कामाला सुमारे अडीच कोटी डॉलर लागले. याच विमानाच्या सांगाड्यावरून बनलेलं पी-३ ओरायन हे सागरी टेहळणीचं विमान १९६२ साली अमेरिकी नौदलात दाखल झालं. ते कित्येक देशांच्या नौदलांत आणि हवाई दलांत दशकानुदशकं टिकून राहिलं. त्या दोन अपघातांची किंमत ज्यांनी दिली, त्यांच्यामुळे पुढचे हजारो नौसैनिक सुखरूप परतले.

लष्कराला असाच धडा त्याआधीही मिळाला होता. बेल कंपनीचं एक्सव्ही-३ हे प्रायोगिक विमान हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठायचं आणि मग पंखे पुढे झुकवून विमानासारखं उडायचं. २५ ऑक्टोबर १९५६ रोजी चाचणीत वैमानिक डिक स्टॅन्सबरी यांनी पंखे अवघे १७ अंश पुढे झुकवले आणि कॉकपिट इतकं थरथरू लागलं की त्यांची शुद्ध हरपली. विमान कोसळलं. ते वाचले, पण गंभीर जखमी झाले. त्यानंतर वर्षानुवर्षं वाऱ्याच्या बोगद्यात चाचण्या करून ही रचना ताळ्यावर आणावी लागली. आजचं ऑस्प्रे त्याच वंशातलं.

आपल्या आकाशात

आज इंजिनाचा आराखडा करताना एक आलेख काढतात. आडव्या रेषेवर इंजिनाचे फेरे, उभ्या रेषेवर वारंवारिता. पात्यांच्या ठेक्याची रेघ आणि धक्क्यांच्या ठेक्याची रेघ जिथे एकमेकींना छेदतात, तो धोक्याचा वेग. तिथे इंजिन रेंगाळू द्यायचं नाही. वॉशिंग मशीनसारखं तो टप्पा झटकन ओलांडायचा. १९२४ साली विल्फ्रेड कॅम्पबेल यांनी वाफेच्या टर्बाइनसाठी केलेल्या कामातून हा आलेख आला. आजही त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. आणि टर्बोप्रॉप विमानाला मंजुरी देताना ते भोवऱ्यासारखं डुलणं वाढत नाही, हे दाखवावं लागतं. इंजिनाच्या आधाराचा एखादा भाग निकामी झाला तरीही.

बडोद्याच्या वाचकांना हे परकं वाटायला नको. २८ ऑक्टोबर २०२४ रोजी तिथे सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. भारतीय हवाई दलाच्या ५६ विमानांपैकी ४० तिथे जोडली जाणार आहेत. हेही टर्बोप्रॉपच आहे, दोन पंख्यांचं. आपल्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाची भाची तिथे पाना हातात घेईल. इंजिनाचा आधार ठरवलेल्या मापाने आवळणं हे काम बाहेरून साधं दिसतं. इलेक्ट्राची गोष्ट माहीत असलेल्याला ते साधं वाटणार नाही.

या सगळ्या गोष्टींत एक धागा आहे. कारखान्यातून निघताना यंत्राचे सूर मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. झीज, तडा, सैल बोल्ट, कमी हवा यांनी ते हळूहळू सरकतात आणि एक दिवस जुळतात. त्याआधी यंत्र बहुतेक वेळा काहीतरी सांगत असतं. नेहमीपेक्षा वेगळी थरथर, वेगळा आवाज. वैमानिकाने ती नोंदवहीत लिहायची असते आणि तंत्रज्ञाने ती नोंद गंभीरपणे वाचायची असते. थोडं हलतंय, पण चालतंय ना, हे वाक्य विमानतळावर सगळ्यात महाग पडतं.

तुमच्यापैकी ज्यांना हवाई दलात, नौदलात किंवा विमानांच्या कारखान्यात जायचं आहे, त्यांनी गणित तर शिकावंच. पण कानही तयार करावा. युमोची पाती टिकवताना एका संगीतकाराचा कान कामी आला होता. आज त्या जागी कंपनं मोजणारे सेन्सर आहेत. पण सेन्सरने दाखवलेला आकडा कालच्यापेक्षा वेगळा का, हे विचारायला अजूनही माणूसच लागतो.