पाटी मराठी, संमती इंग्रजी

वर्षभर एकच वाक्य कानावर आदळत राहिले : ‘मोबाईल नंबर सांगा.’ रानडे रोडला परकर घ्या, परळला चष्मा करा, गिरगावात रक्त तपासायला द्या. बिल नंतर, नंबर आधी. नाही म्हटले तर ‘सिस्टीम पुढे जात नाही’ असे उत्तर तयार. दादरच्या एका दुकानात सत्तरीच्या बाई पैसे हातात घेऊन खोळंबल्या होत्या. त्यांच्याकडे मोबाईलच नव्हता. मागच्या गिऱ्हाइकाने स्वतःचा नंबर सांगितला तेव्हा त्यांचे बिल निघाले. रोख पैसे देऊन वस्तू विकत घेण्यासाठी दुसऱ्याचा नंबर उसना घ्यावा लागावा, याचा आम्हाला संताप येतो.

2025 या वर्षात बरेच काही घडले. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, सप्टेंबरात एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. यांतले काही आतल्या पानांत आहे. या पानावर मात्र नंबराबद्दलच लिहायचे आहे.

नंबरासाठी गिऱ्हाइकाला अडवणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे 2023 मध्येच दुकानदारांना बजावले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती मागितली त्या कामापुरतीच ती वापरायची, काम संपले की पुसायची, संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे ठेवायचे, असे तो सांगतो. माहिती नीट सांभाळली नाही तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियमांचा मसुदा जानेवारी 2025 मध्ये आला. 2025 च्या दिवाळीपर्यंत अंतिम नियम आले नव्हते, म्हणून कायदाही तोवर कागदावरच होता. कॅलिफोर्नियात राहणारी आपली मुलेबाळे 2020 पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना ‘माझी माहिती विकू नका’ असे कायद्याच्या आधाराने बजावू शकतात. दादरला राहणारे त्यांचे आईवडील 2025 मध्येही वाट पाहत होते.

या कायद्यातली एक तरतूद मराठी माणसाने पाठ करून ठेवावी अशी आहे. माहिती का हवी, तिचे काय करणार, हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला मिळाला पाहिजे. त्या 22 भाषांत मराठी आहे. दुकानांवरच्या मराठी पाट्यांसाठी आपण किती वर्षे भांडलो! 2022 मध्ये राज्याने पाट्यांसाठी आपला कायदा दुरुस्त केला. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा सप्टेंबर 2023 मध्ये न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितले. पाटी लागली. आत काउंटरवर मात्र ‘आय अ‍ॅग्री’ असे इंग्रजीच बटण आहे आणि त्यावर बोट ठेवताना आपण एक अक्षरही वाचत नाही. पाटीसाठी रस्त्यावर उतरलेल्यांनी या सूचनेसाठीही आवाज उठवावा. पाटी न वाचता दुकानात शिरलो तर काही बिघडत नाही. संमती न वाचता दिली तर बिघडते.

यंदाच्या अंकाचा विषय ‘शेजार’ आहे, आणि त्याचा या खासगी माहितीच्या प्रश्नाशी संबंध आहे. चाळीत कोणाचे काही लपत नसे, मग आता खासगीपणाचे एवढे काय, असे आमचे काही जुने वाचकही विचारतात. चाळीत काही लपत नसे हे खरे. पण ज्याला आपले ठाऊक होते, त्याचेही आपल्याला ठाऊक होते. कोणाच्या घरी पैशांची ओढाताण आहे, कोणाची मुलगी रुसून माहेरी आली आहे, हे ज्याला कळे तो रात्री दवाखान्यात सोबतही येई. आज आपला नंबर, खरेदी, दुखणी ज्याच्या हाती जातात त्याचे नावही आपल्याला माहीत नसते. याला आम्ही शेजार म्हणणार नाही.

माहिती संरक्षणाच्या या कायद्याचा पहिला मसुदा 2018 मध्ये न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीने दिला. मुंबईतल्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणारे तेच. त्या मसुद्यात पत्रकारितेला सवलत होती, 2023 च्या कायद्यात ती नाही. वर माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातून जनहिताचा निकष काढून टाकण्याची सोय या कायद्यात आहे. केंद्राच्या आधी, 2002 मध्येच, स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्राने यावर गप्प राहू नये. नागरिकाची माहिती जपायची ती दुकानदारापासून आणि कंपनीपासून. अधिकाऱ्याचा कारभार झाकण्यासाठी नव्हे.

लक्ष्मीपूजनाला वह्या पुजणाऱ्या गिरगाव-दादरच्या व्यापाऱ्यांना आमची विनंती आहे, की कायद्याच्या सक्तीची वाट पाहू नका. ज्या नंबराचे काम नाही तो मागू नका, आणि मागितलाच तर कशासाठी ते मराठीत लिहून काउंटरवर लावा.

आमच्या वर्गणीच्या फॉर्मवर यंदा नाव आणि पत्ता एवढेच रकाने आहेत. यादी अंक पाठवण्यापुरतीच वापरली जाते, ती जाहिरातदारांना दिली जात नाही. वर्गणी थांबवणाऱ्यांचे पत्ते हिशेब पूर्ण होताच काढून टाकू. आपले नाव आत्ताच काढायचे असेल तर पोस्टकार्ड टाकावे; काढल्याचे उलट टपाली कळवू.