हसतमुख राहा, म्हणजे काय?

हॉटेलात वेटरचे काम नव्याने धरणाऱ्या मुलीला पहिला सल्ला मिळतो: हसतमुख राहा, उलट बोलू नको, गिऱ्हाईकाने हात धरला तर गोड बोलून सोडवून घे. वस्तीत काम करताना हे मी मालकांकडून ऐकते, आयांकडून ऐकते आणि, लाज वाटते सांगायला, काही कार्यकर्त्यांकडूनही.

2013चा लैंगिक छळविरोधी कायदा वेगळेच सांगतो. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या कोणाहीपासून बाईला सुरक्षित ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे टेबलावर बसलेला गिऱ्हाईकही त्यात आला. तिची इच्छा असेल तर त्याच्यावर फौजदारी कारवाई सुरू व्हावी म्हणून मालकाने हालचाल करायची आहे. शिकाऊ, रोजंदारीवरची, बिनपगारी, सगळ्याच या कायद्याने कर्मचारी. ‘अजून ट्रेनिंग चालू आहे’ ही सबब चालत नाही. दहापेक्षा कमी माणसांच्या हॉटेलात समिती नसते. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, लेखी, तीन महिन्यांच्या आत.

पण टीपेचे काय? पगार तुटपुंजा ठेवायचा, बाकीचे गिऱ्हाईकाच्या मर्जीवर सोडायचे, मग तक्रार करणारीच उपाशी राहते. मालकाला हे पक्के ठाऊक असते.

म्हणून मुलींनो, आधी विचारा: पगार किती, नेमणुकीचे पत्र कधी, टीप कोण वाटतो, रात्री घरी कोण सोडणार? एकटीने विचारले तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. चौघींनी मिळून विचारा. आणि मैत्रिणींनो, त्या दिवशी आपल्यापैकी कोणीतरी सोबत जायला हवे.