भाव कापायचा की दूध थांबवायचे?

एप्रिल-मे महिन्यांत संगमनेर, राहाता, कोपरगाव पट्ट्यातल्या संकलन केंद्रांवर रोज सकाळी एकच वाद ऐकू येतो : एसएनएफ बसत नाही. उन्हाचा ताण, हिरव्या चाऱ्याची ओढ, त्यात गोठ्यात जास्त दुधाची संकरित गाय. ८.५ चा आकडा ८.२ वर येतो, भाव कापला जातो, कधी दूधच परत जाते आणि ‘दूध खराब आहे’ असे उत्पादकाला चारचौघांत सुनावले जाते. त्याच रांगेतल्या दुसऱ्या किटलीत ३.८ फॅट आणि ८.६ एसएनएफ लागतो. त्या गोठ्यातल्या एका गायीला दगडी झाली म्हणून परवाच सडात ट्यूब सोडलेली असते. त्या दुधाला त्या दिवसाचा चांगला भाव मिळतो आणि ते बल्क कूलरमध्ये सगळ्यांच्या दुधात मिसळते.

पहिल्या दुधात उणीव आहे, दुसऱ्यात धोका. आपल्या केंद्रांवरची सगळी यंत्रणा उणीव शोधण्यासाठी उभी आहे. मिल्क ॲनालायझर, डिग्री, फॅट, पावती ही सारी भावाची साधने आहेत. हे दूध लहान मुलाला द्यायला चालेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यांतले एकही देत नाही.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ हा फरक स्पष्ट करतो. कमी दर्जाच्या अन्नासाठी कलम ५१ खाली पाच लाखांपर्यंत दंड आहे. असुरक्षित अन्नासाठी कलम ५९ आहे आणि तिथे तुरुंगवास आहे. गायीच्या दुधाचा एसएनएफ ८.३ च्या खाली गेला तर ते मानकात बसत नाही, पण केवळ तेवढ्याने ते पिऊन कोणी आजारी पडत नाही. (एसएनएफ पाणी घातल्याने घसरला असेल तर गोष्ट बदलते. मग ते पाणी कुठले होते हा प्रश्न आकड्यापेक्षा मोठा ठरतो.)

अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरात केलेले दूध सर्वेक्षण आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने वाचायला हवे. ६,४३२ नमुन्यांपैकी सुमारे ४१ टक्के नमुने गुणवत्तेच्या कुठल्या ना कुठल्या निकषात कमी पडले, तरीही ९३ टक्के नमुने पिण्यास सुरक्षित होते. भेसळीने असुरक्षित ठरलेले नमुने अवघे १२ निघाले. अफ्लाटॉक्सिन एम-१ मात्र ३६८ नमुन्यांत मर्यादेपेक्षा जास्त होते आणि प्रतिजैविकांचे अंश ७७ नमुन्यांत. आणखी विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे अफ्लाटॉक्सिनचे प्रमाण कच्च्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात जास्त आढळले. पिशवीतले दूध म्हणजे निर्धोक दूध, ही समजूत आपणही मनातून काढायला हवी.

अफ्लाटॉक्सिन येते कुठून? दमट जागी ठेवलेल्या सरकी पेंडीतून, बुरशी धरलेल्या मक्याच्या भरड्यातून, भुईमूग पेंडीतून. खाद्यातले बी-१ गायीच्या यकृतात एम-१ होते आणि त्याचा साधारण एक ते सहा टक्के भाग दुधात उतरतो. जास्त दूध देणाऱ्या गायीत हे प्रमाण वरच्या बाजूला असते. दूध उकळून ते जात नाही, पाश्चरायझेशननेही जात नाही. त्याला वास नाही, चव नाही, फॅटवर परिणाम नाही. आपल्याकडे मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात तिच्या दहाव्या हिश्शाएवढी. दिलाशाची बाजू अशी की बुरशीचे खाद्य थांबवले तर तीन-चार दिवसांत दूध जवळपास स्वच्छ होते. म्हणजे शोध लागला तर उपाय गोठ्यातच आहे, आणि तोही स्वस्त. पावसाळ्यात पेंडीची पोती भिंतीला आणि जमिनीला न टेकवता फळ्यांवर ठेवणे आणि बुरशी धरलेला मुरघास काढून टाकणे हे संघाच्या पशुवैद्यकाने गोठ्यात उभे राहून सांगायचे काम आहे.

प्रतिजैविकांचे गणित याहून सोपे आहे. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वगळायचे ते लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर २०१२ पासूनच्या नियमानुसार किमान सात दिवस. हे उत्पादकाला ठाऊक नसते असे नाही. पण रोजच्या दुधावर ज्याचे घर चालते, त्याने एका गायीचे सात दिवसांचे दूध ओतून द्यावे, अशी अपेक्षा आपण धरतो आणि त्याची किंमत मात्र त्याच्या एकट्यावर टाकतो. मग तो बोलत नाही. पुढे दह्याचे विरजण लागेनासे होते तेव्हा डेअरीत विरजणाला दोष दिला जातो. दही न लागणे ही दिसायला दर्जाची तक्रार, पण तिच्यामागे धोका असू शकतो. अशा वेळी प्रयोगशाळेने विरजण बदलण्याआधी दूध तपासावे.

तिसरा धोका विजेचा. ३१ मार्च २००० रोजी जपानच्या होक्काइदोतल्या ताइकी येथील स्नो ब्रँड कंपनीच्या कारखान्यात सुमारे तीन तास वीज गेली. कोमट राहिलेल्या दुधात स्टॅफिलोकोकस जिवाणू वाढले आणि त्यांनी विष सोडले. पुढे उष्णतेने जिवाणू मेले, विष तसेच राहिले. त्या दुधाची भुकटी वापरून ओसाकात तयार झालेल्या दुधाने जून-जुलैमध्ये १३ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. आपल्या बल्क कूलरवरची वीज किती वेळा आणि किती तास जाते, हे वाचकांना सांगायला नको. चार अंशांचे दूध दहावर गेले, पुन्हा चारवर आले, टँकर भरताना तापमान बरोबर दाखवले. मधल्या तासांची नोंद कुणाकडे आहे? आणि आंबटपणा चढू लागला म्हणून त्यात सोडा टाकणारा माणूस तर धोक्याचा एकमेव दिसणारा इशाराच पुसून टाकतो. केंद्रावर सोड्याचा पुडा सापडला तर त्या केंद्राचे संकलन त्याच दिवशी थांबले पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे.

प्रत्येक उत्पादकाची रोज तपासणी शक्य नाही आणि तिची गरजही नाही. कूलर रिकामा होण्यापूर्वी एका नमुन्यावर प्रतिजैविकाची पट्टी लावली तर काही मिनिटांत उत्तर मिळते. अफ्लाटॉक्सिनची पट्टीही मिळते. ती आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा लावावी. उत्पादकांच्या नमुन्याच्या बाटल्या निकाल लागेपर्यंत थंडाव्यात ठेवल्या, तर दोष निघाल्यावर गोठ्यापर्यंत पोहोचता येते. संकलनाच्या वहीत लिटर, फॅट, एसएनएफ, भाव यांच्या शेजारी ‘उपचार चालू’ असा एक रकाना वाढवायचा. आणि ज्याने आपण होऊन तो रकाना भरायला सांगितले, त्याच्या त्या दिवसांच्या दुधाचे पैसे संघाने द्यावेत. दूध वेगळे काढून नष्ट करावे. दहा-बारा लिटरांची भरपाई देणे परवडते, हजारो लिटरांचा टँकर ओतणे परवडत नाही. एसएनएफ कमी आला तर भाव जरूर कापा, पण त्या उत्पादकाला भेसळखोर म्हणू नका, कारण उद्या गाय आजारी पडल्यावर खरे बोलण्यासाठी त्याला आपल्याकडेच यायचे आहे.