कुलूप नसलेली सायकल

मंडळी, आज एक कबुली देऊन टाकतो. मी तसा कंजूष माणूस नाही. डबा शेअर करतो, बाइकवर लिफ्ट देतो, महिनाअखेरीला कोणी पाचशे रुपये मागितले तर देतो आणि विसरूनही जातो. पण गाण्यांच्या बाबतीत माझं काही खरं नाही. एखादं गाणं मला सापडलं आणि आजूबाजूच्या कोणाला ते ठाऊक नसलं, की मी त्याच्यावर धनावरच्या नागासारखा वेटोळं घालून बसतो.

असंच एक गाणं मी कितीतरी वर्षं सांभाळून ठेवलं होतं. 'माय व्हाइट बायसिकल'. बँडचं नाव टुमॉरो. साल 1967. ऐकलंय? नाही ना? बघा, हे 'नाही' ऐकायला मला इतकी वर्षं जाम मजा यायची. पार्टीत कोणी पिंक फ्लॉइडचा विषय काढला, की मी हळूच ठेवणीतल्या आवाजात म्हणायचो, "फ्लॉइड ठीक आहे रे, पण टुमॉरो ऐकलायस का?" समोरचा गप्प. मी खूश.

गेल्या महिन्यात आमच्या टीममध्ये आलेली एक नवी मुलगी हेडफोन काढत म्हणाली, "सर, एक भारी गाणं लागलं आत्ता. सायकलवरचं. जुनं इंग्लिश. ऐका ना." आणि तिनं मोबाइल पुढे केला. तेच गाणं! कुठल्याशा प्लेलिस्टमध्ये आपोआप वाजलेलं! खरं सांगतो, कोणीतरी माझ्या पार्किंगमधून माझी गाडी घेऊन गेल्यासारखं वाटलं. मी "हं, बरं आहे" एवढंच म्हणालो आणि कॉफी मशीनकडे निघून गेलो. क्यूबिकलपासून मशीनपर्यंतच्या त्या वीस पावलांत मला माझीच थोडी लाज वाटली.

कारण ते गाणं माझं नव्हतंच. मलाही ते कोणीतरी दिलं होतं.

2007 साल. हिंजवडी. माझी पहिली नोकरी, क्लायंट लंडनचा, त्यामुळे शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. टीममध्ये एक सीनियर होता, मिरजेचा. सगळे त्याला बुवा म्हणायचे. माणूस कमी बोलायचा, पण कॅबमध्ये माझ्या शेजारी बसला की इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घालायचा. एके रात्री वाकडच्या ट्रॅफिकमध्ये त्यानं हे गाणं लावलं. पहिल्या दहा सेकंदांत मला वाटलं, प्लेअर बिघडला. गिटार उलटीच वाजत होती राव!

बुवा म्हणाला, "बिघडलेलं नाही. टेपच उलटी फिरवलीय."

मग त्यानं समजावून सांगितलं. तार छेडली की आवाज आधी ठणकन येतो आणि मग विरत जातो. तीच टेप उलटी वाजवली की आधी विरलेला आवाज येतो, तो फुगत फुगत जातो आणि ऐन भरात कापल्यासारखा बंद होतो. म्हणून ती गिटार वाजवल्यासारखी वाटत नाही, श्वास आत ओढल्यासारखी वाटते. त्याच्याखाली ड्रमरची झांज सारखी चुरचुरत राहते. गाणारा जवळजवळ कुजबुजतो. मध्येच पोलिसाची शिट्टी. सगळा मामला तीन-सव्वातीन मिनिटांत खल्लास.

दुसऱ्या दिवशी बुवानं मला एक सीडी दिली. घरी कॉपी केलेली, वर काळ्या मार्करनं फक्त 'सायकल' असं लिहिलेलं. ती वर्षभर रोज ऐकली. आणि हळूहळू त्या गाण्याची सगळी कुंडलीच काढली.

गाणं लिहिलं गायक कीथ वेस्ट आणि त्याचा जोडीदार केन बर्जेस यांनी. गिटारवर स्टीव्ह हाऊ, जो 1970मध्ये 'येस' या बँडमध्ये गेला आणि जगप्रसिद्ध झाला. ड्रमवर ट्विंक, बासवर जॉन 'ज्युनियर' वुड. निर्माता मार्क विर्ट्झ. रेकॉर्डिंग लंडनच्या अॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत. त्याच इमारतीत त्याच सुमारास बीटल्सचं 'सार्जंट पेपर' आणि पिंक फ्लॉइडचा पहिला अल्बम तयार होत होता. म्हणजे पत्ता एकदम सॉलिड! मे 1967मध्ये पार्लोफोन कंपनीनं रेकॉर्ड बाजारात आणली. आणि विक्रीच्या यादीत? शून्य. नावच नाही.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी त्याच कीथ वेस्टनं त्याच विर्ट्झबरोबर 'एक्सर्प्ट फ्रॉम अ टीनएज ऑपेरा' नावाचं एक वेगळंच, गोड गोड गाणं एकट्याच्या नावावर केलं. ते ब्रिटनमध्ये थेट दुसऱ्या नंबरवर गेलं. मग काय, लोकांना तो ऑपेरावाला हवा होता, सायकलवाला नको होता. बँडचा एकुलता एक अल्बम फेब्रुवारी 1968मध्ये आला, तोवर लाट ओसरली होती आणि त्याच वर्षी बँडही मोडला. ऑफिसात नाही का होत असं? साइडला केलेल्या प्रेझेंटेशनवर प्रमोशन मिळतं आणि ज्या प्रोजेक्टवर जीव टाकलेला असतो तो बासनात जातो.

पण ऐकणाऱ्यांनी ते गाणं सोडलं नाही. लंडनमध्ये टॉटनहॅम कोर्ट रोडवर एका आयरिश डान्स हॉलच्या तळघरात यूएफओ नावाचा क्लब शुक्रवारच्या रात्री भरायचा आणि पहाटेपर्यंत चालायचा. तो चालवणाऱ्यांपैकी एक होता जो बॉइड. फ्लॉइडची पहिली रेकॉर्ड आणि निक ड्रेकची गाणी ज्यानं प्रोड्यूस केली तो. या माणसानं त्या काळात काय काय पाहिलं असेल! पण 2006मध्ये त्यानं आठवणी लिहिल्या, तेव्हा साठच्या दशकाचं शिखर म्हणून एकच क्षण निवडला : 1 जुलै 1967ची पहाट, यूएफओमध्ये टुमॉरो वाजवतायत. आणि पुस्तकाचं नाव ठेवलं 'व्हाइट बायसिकल्स'. यादीत न आलेल्या गाण्याला याहून मोठी दाद काय असणार?

पुढे 1975मध्ये नाझरेथ या स्कॉटिश बँडनं हेच गाणं धडाकेबाज करून गायलं, तेव्हा ते ब्रिटनमध्ये चौदाव्या नंबरपर्यंत गेलं. 2001मध्ये 'नगेट्स'च्या दुसऱ्या पेटीत मूळ गाणं पुन्हा आलं आणि एका नव्या पिढीच्या कानावर पडलं. त्या पेटीतूनच कोणीतरी कॉपी केलेलं, हातोहात फिरत फिरत हिंजवडीच्या कॅबमध्ये पोचलं असावं असा माझा अंदाज.

बरं, ही पांढरी सायकल म्हणजे काय भानगड? तर ती गोष्ट अॅमस्टरडॅमची. 1965मध्ये तिथल्या प्रोव्हो नावाच्या खट्याळ तरुण मंडळींनी एक योजना मांडली. डोकं लूड स्खिमेलपेनिंक नावाच्या माणसाचं. शहराच्या मध्यातून मोटारी हटवा आणि नगरपालिकेनं हजारो पांढऱ्या सायकली रस्त्यावर ठेवाव्यात. कुलूप नाही, भाडं नाही. हवी तिनं घ्यावी, हवं तिथपर्यंत जावं, भिंतीला टेकवून ठेवावी, पुढच्यानं न्यावी. नगरपालिका काही बधली नाही. म्हणून प्रोव्होंनी स्वतःच थोड्या सायकलींना पांढरा रंग दिला आणि रस्त्यावर सोडल्या. पोलिसांनी त्या जप्त केल्या. का, माहितीये? सायकल कुलूप न लावता ठेवणं बेकायदा होतं म्हणून!

आता गाण्यातली ती शिट्टी आठवा. गाण्यातला पोलीस मागून ओरडतो, पण सायकलवाल्यावर चोरीचा आळ काही टाकता येत नाही. कशी येणार? जी कोणाचीच नाही ती चोरणार कशी?

हे सगळं मला वर्षानुवर्षं तोंडपाठ होतं, बरं का. आणि तरीही ते गाणं मी कुलूप लावून ठेवलं होतं.

परवा रविवारी घरी स्पीकरवर हे लावलं. बाबा पेपर वाचत होते. खडकीला नोकरी असताना ते सदाशिव पेठेतून रोज सायकलनं जायचे. मी कॉलेजात असताना त्या सायकलची मला लाज वाटायची, हीही आजच्या कबुलीत जमा धरा. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "चेनला तेल नाहीये याच्या."

"बाबा, ती झांज आहे."

"असेल. पण आवाज कोरड्या चेनचा आहे. चढावर येतो तसा."

बॉस, इतकी वर्षं मी गिटारचं, टेपचं, स्टुडिओचं बोलत होतो. ती झांज म्हणजे सायकलचा आवाज आहे, हे ऐकायला आयुष्यभर सायकल मारलेला माणूस लागला. मग त्यांना अॅमस्टरडॅमची गोष्ट सांगितली. ते हसले. म्हणाले, "त्यात काय नवल? आमच्या कोपऱ्यावर तासाच्या भाड्यानं सायकली मिळायच्या. वहीत नाव लिहायचं आणि न्यायची. डिपॉझिट नाही, काही नाही. दुकानदार चेहरा ओळखायचा."

मी म्हटलं, "आणि कोणी परत नाही आणली तर?"

"आणायचे रे. उशीर झाला तर शिव्या खायचे, पण आणायचे."

डिसेंबर 2017मध्ये पुण्यात अॅपवर भाड्यानं मिळणाऱ्या सायकली आल्या, तेव्हा मीही मोठ्या हौसेनं चालवल्या होत्या. मग त्यांतल्या काही मोडलेल्या, कुठे कुठे टाकून दिलेल्या दिसायला लागल्या आणि पुढे त्या दिसेनाशाच झाल्या. कुलूप होतं, जीपीएस होतं. वहीत नाव लिहून घेणारा दुकानदार तेवढा नव्हता. पण बाबांच्या त्या 'आणायचे'नं माझ्या डोक्यात वेगळंच काहीतरी टोचायला लागलं. माझ्याकडे बुवाची सीडी होती ना!

आणि इथे खरी कबुली. 2009मध्ये मंदी होती. एका सकाळी आमच्या मजल्यावरच्या काही जणांना एकेक करून केबिनमध्ये बोलावलं गेलं. त्यात बुवा होता. तो बाहेर आला, ड्रॉवर रिकामा केला, माझ्या डेस्कशी क्षणभर थांबला. मी मॉनिटरमध्ये डोकं घालून बसलो होतो. स्क्रीनवर काहीच नव्हतं. माझं नाव यादीत नव्हतं याचा आनंद चेहऱ्यावर दिसेल अशी भीती वाटत होती. तो गेला. नंतर फोन करीन म्हटलं. आठवडा गेला, महिना गेला आणि मग इतका उशीर झाला की उशिराचीच लाज वाटायला लागली. गाणं मात्र मी मिरवत राहिलो. कोणी "कुठून मिळालं?" विचारलं की "असंच, शोधता शोधता" म्हणायचो. बुवाचं नाव मी एकदाही घेतलं नाही.

रविवारी रात्री जुन्या टीममधल्या एकाकडून नंबर मिळवला आणि फोन लावला. बुवा मिरजेलाच असतो, घरचं दुकान बघतो. आवाज तसाच. त्या सकाळचं मी अडखळत बोललो. तो म्हणाला, "अरे, मला कळलं होतं तेव्हाच. तुझी स्क्रीन काळी होती." दोन सेकंद दोघंही गप्प. मग म्हणाला, "वाईट वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?"

मी सॉरी म्हणालो. त्यानं "हं" म्हटलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

मग मी म्हटलं, "तुझी सीडी आहे माझ्याकडं. परत द्यायचीय."

"कुठली रे?"

"सायकलची."

तेव्हा मात्र तो हसला, कॅबमध्ये हसायचा तसा. "ती माझी कुठं होती? मलापण हॉस्टेलवर एकानं कॉपी करून दिलेली. दे कोणालातरी."

सोमवारी सीडी घेऊन ऑफिसला गेलो. त्या नव्या मुलीकडे सीडी प्लेअर नाही, ती मुळात कुठल्याच सीडीला हात लावत नसावी. तरी तिला दिली. अॅमस्टरडॅम, उलटी टेप, कोरडी चेन, सगळं सांगितलं. आणि सगळ्यात आधी हे सांगितलं, की मला हे गाणं मिरजेच्या एका मित्रानं दिलं. तिनं मार्करची अक्षरं वाचली आणि विचारलं, "सर, परत कधी देऊ?"

म्हटलं, नको देऊस. भिंतीला टेकवून ठेव. कोणीतरी नेईल.