ओवीशेजारी चेहरा

पहाटे जात्याचा खुंटा फिरवता फिरवता बाई ओवीतून भावाची वाट पाहायची, सासरचा जाच सांगायची, सीतेच्या वनवासावर हळहळायची. तिला कुणी कवी म्हणत नव्हते. संशोधक गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, तरी बायकांना ओव्या तोंडपाठ होत्या!

‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळाने २०१७पासून या ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजासह आणि छायाचित्रांसह लोकांपुढे आणल्या. ओवीशेजारी चेहरा आला, डोक्यावरचा पदर, खुंट्यावरची बोटे दिसली, की ते दुःख ‘लोकसाहित्य’ राहत नाही. एका बाईचे होते.

असेच मुंबईत छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. शहराने न पाहिलेली माणसे त्यांत समोर उभी राहिली.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. वाढदिवस, ताटे, सहली यांचे फोटो निघतात. आजारी बापाचे पाय चेपणारी मुलगी मात्र त्यात क्वचितच सापडते. पुढच्या अंकासाठी वाचकांनी नेमका तसाच फोटो पाठवावा, घरच्या माणसाला विचारून, आणि त्याखाली स्वतःच्या चार ओळी. आजीला ओव्या येत असतील तर त्या आधी उतरवून घ्याव्यात. जात्यावर बसलेली ती पिढी आता थकली आहे.