प्रभारी

२०२३ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी पेपर वाचत ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून आला. आता त्याचेही केस पांढरे झालेत! चहा झाला, मग त्याने मोबाईलमधला एका कागदाचा फोटो माझ्यापुढे धरला. "सर, तुम्हाला उर्दू येतं ना? हे काय लिहिलंय बघा की."

तशी माझी उर्दू म्हणजे दुकानांच्या पाट्या वाचण्यापुरती. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेडमास्तर निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले होते. मधल्या सुट्टीत त्यांनी हौसेने अक्षरं गिरवून घेतली आणि फसली महिने पाठ करून घेतले - आजूर, दै, बहमन... तेवढ्या भांडवलावर मी कागद लावायला बसलो. शेतसाऱ्याची पावती होती. सन १३४१ फसली, महिना खुर्दाद. फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवायचे, म्हणजे १९३२ चा एप्रिल. पण पावतीवर जात नव्हती, आणि त्याला हवी होती ती नेमकी जातच.

तेव्हा आमच्या अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव साऱ्या देशाला माहीत झालेलं. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात मी इथे लिहिणार नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय कागदांबद्दल. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या नोंदी शोधायला घेतल्या. मोडी वाचणारा कुठे आहे, उर्दू-फारसी जाणणारा कुठे आहे, अशी एकच धावपळ उडाली. समिती हैदराबादपर्यंत जाऊन आली. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला शासन निर्णय निघाला, त्याचाही आधार हैदराबादचं गॅझेटियरच.

आता बघा, आमच्या मराठवाड्याचे कागद शोधायला दुसऱ्या राज्यात जावं का लागतं? कारण उघड आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो आणि नंतरही १९५६ पर्यंत आमची राजधानी हैदराबादच होती. माणसं मुंबई राज्यात आली, मोठं दफ्तर तिकडेच राहिलं. त्यात आमचा जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. चार तालुके औरंगाबादचे (आता छत्रपती संभाजीनगर), परतूर परभणीचा. म्हणजे परतूरच्या माणसाने आजोबांच्या जमिनीचा कागद शोधायचा तर आधी जालना, मग परभणी, आणि नशिबात असेल तर हैदराबाद!

हे सगळं सांभाळायला राज्यात एक खातं आहे, पुराभिलेख संचालनालय. मुंबई सरकारने १८२१ साली सुरू केलेल्या दफ्तरखान्यातून ते वाढत आलं. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्याचं बिऱ्हाड. पुण्याचं पेशवे दफ्तर त्याच्याच ताब्यात. गोविंद सखाराम सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस खंड काढले ते ह्याच दफ्तरातून निवडून. खातं जुनं, इभ्रतीचं. पण त्याचा हात जिल्ह्यापर्यंत पोचत नाही. आमच्या जालन्यात त्याचं कार्यालय नाही. २००५ सालचा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. त्याप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने अभिलेख अधिकारी नेमायचा. बहुतेक ठिकाणी ह्या नेमणुकीचा अर्थ काय, तर अमुक बाबूच्या नावापुढे आणखी एक काम लिहिलं गेलं. बाबूला ते ठाऊक असलं तर देवच पावला.

ह्याच्या शेजारी दुसरं खातं आहे ग्रंथालयांचं. १९६७ चा कायदा, १९६८ पासून संचालनालय. ते उच्च व तंत्रशिक्षण विभागाखाली आणि पुराभिलेख सांस्कृतिक कार्य विभागाखाली. दोघांचं काम लिहिलेलं जपणं आणि मागेल त्याला दाखवणं, पण चुली वेगळ्या. ग्रंथालय खात्याचा अधिकारी मात्र प्रत्येक जिल्ह्यात असतो. त्याचा बराच वेळ गावोगावच्या वाचनालयांची तपासणी आणि अनुदानाचे हिशेब ह्यात जातो. २०२२ मध्ये हे अनुदान साठ टक्क्यांनी वाढवलं, ते चांगलंच झालं. पण ह्या खात्याच्या संचालकाची खुर्ची मधली कित्येक वर्षं 'प्रभारी' माणसाने सांभाळली. आधीचं टेबल होतंच, त्यावर हा जादा कार्यभार.

ह्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे, कारण मी स्वतः दीड वर्ष प्रभारी मुख्याध्यापक होतो. शाळेचं नाव सांगत नाही. त्या खुर्चीत माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. सही करायची, निर्णय घ्यायचा नाही. आज ना उद्या कायमचा माणूस येईल, तो बघेल. आपल्या काळात भानगड नको.

त्या शाळेत एक लाकडी कपाट होतं. खालच्या दोन खणांत कापडात बांधलेली जुनी रजिस्टरं होती. दाखल-खारीज, हजेरीपट, काही उर्दूत, काही मोडीत. वाळवी लागलेली. तपासणी आठ दिवसांवर आलेली आणि प्रयोगाच्या साहित्याला कपाट हवं होतं. लेखनिक म्हणाला, "सर, हे कोण वाचतंय आता?" मी म्हणालो, बघा काय करायचं ते. लेखी काही दिलं नाही, प्रभारी माणूस लेखी देत नाही. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं होतं. रद्दी किती किलो भरली ते मी विचारलंसुद्धा नाही.

ओट्यावर बसलेल्या त्या विद्यार्थ्याने पुढे विचारलं, "सर, माझे आजोबा तुमच्याच त्या शाळेत होते. जुनं रजिस्टर कुठं असेल?"

... असो.

चांगला धनी मिळाला तर दफ्तराचं काय होतं त्याचं उदाहरण शेजारी गोव्यात आहे. पांडुरंग पिसुर्लेकर १९३० च्या सुमारास पोर्तुगिजांच्या दफ्तराचे प्रमुख झाले ते १९६१ पर्यंत त्याच जागेवर. तीस वर्षं एक माणूस! राज्य परक्यांचं, कागद पोर्तुगीज भाषेत, पण कुठल्या पेटाऱ्यात काय आहे हे त्यांना ठाऊक. त्यांनी त्या दफ्तराची मार्गदर्शिका १९५५ मध्ये छापली. मराठ्यांच्या इतिहासाला पोर्तुगीज कागदांची जोड मिळाली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. ते दीड-दोन वर्षांचे प्रभारी असते तर त्यांनी काय केलं असतं? माझ्यासारखं कपाट रिकामं केलं असतं कदाचित.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की दोन्ही खात्यांच्या प्रमुखपदी त्या विषयातला माणूस पूर्णवेळ आणि निदान पाच-सहा वर्षं असावा. आणि जिल्हा ग्रंथालयाच्या छपराखाली पुराभिलेखाची एक कोरडी खोली असावी. शाळांची आणि तहसीलची पन्नास वर्षांपलीकडची रजिस्टरं तिथे यावीत, त्यांचे फोटो निघावेत आणि मूळ परत हवं त्याला परत मिळावं. मी हे सौभाग्यवतींना वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे ग्रंथालयवाल्याला आणखी एक जादा कार्यभार!" बरोबर पकडलं. तेव्हा स्पष्टच लिहितो, त्या खोलीसाठी मोडी-उर्दू शिकलेला वेगळा माणूस हवा, वेगळ्या पगाराचा. मोडी शिकणारी तरुण मुलं आज आहेत, पुराभिलेख खातंच त्यांचे वर्ग चालवतं. शिकून झाल्यावर त्यांना टेबल कुठे आहे?

गरज पडली की समिती नेमायची, वाचणारे गोळा करायचे, काम झालं की घरी पाठवायचे. हे चाळीस मुलांचा वर्ग परीक्षेच्या आठवड्यापुरता मास्तर लावून चालवण्यासारखं झालं. आणि मराठवाड्यात नोंदी इतर भागांच्या मानाने फार कमी सापडल्या असं म्हणतात तेव्हा मला दर वेळी ते कपाट आठवतं. अशी कपाटं किती शाळांत रिकामी झाली असतील?

विद्यार्थ्याला मी खरं ते सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्हाला तरी काय माहीत." मोबाईल खिशात टाकला आणि अंबडच्या तहसीलला निघून गेला. तिथे त्या दिवशी रांग होती म्हणे.