कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात काय लिहायचे?

बालगृहातली नऊ-दहा वर्षांची मुलगी. मासिक तपासणीत डॉक्टरांना हृदयाचे ठोके वेगळे वाटले, टूडी एको झाला, छिद्र दिसले, शस्त्रक्रिया ठरली. रुग्णालय शासनाच्या आरोग्य योजनेत आहे, आजार यादीत आहे, खाटही रिकामी आहे. खिडकीवरचा योजनेचा प्रतिनिधी, म्हणजे आरोग्यमित्र, शिधापत्रिका मागतो. अधीक्षिका बाल कल्याण समितीचा आदेश पुढे करतात. तो उलटसुलट पाहून आरोग्यमित्र विचारतो, "मॅडम, यात कुटुंबप्रमुख कोण?"

आपल्यापैकी अनेकांनी हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी ऐकला असेल. विचारणाऱ्याचा त्यात दोष नाही. त्याच्यासमोरचा अर्जच कुटुंब गृहीत धरून बनवलेला आहे.

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या आधारावर. पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २३ सप्टेंबर २०१८ पासून केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिने २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतली कुटुंबे घेतली. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले आणि पांढऱ्या शिधापत्रिकेची घरेही आत घेतली. प्रत्येक पावलागणिक वर्तुळ मोठे झाले. मोजायचे माप मात्र तेच राहिले : प्रति कुटुंब, प्रति वर्ष.

या मापात संस्थेतले मूल बसत नाही हे शासनाला ठाऊक नव्हते असे नाही. शासकीय अनाथालयांतली मुले, आश्रमशाळांतले विद्यार्थी यांच्यासाठी राज्याच्या योजनेत स्वतंत्र गट आहे. त्याबद्दल कृतज्ञ राहूनच पुढचे म्हणायला हवे. अडचण शब्दापासून सुरू होते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात बालगृह आहे, निरीक्षणगृह आहे, खुले निवारागृह आणि विशेष दत्तक संस्था आहे. कायदा विचारतो, या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे का? योजनेचा शब्द विचारतो, हे मूल अनाथालयातले आहे का? आपल्या संस्थांत अशी कितीतरी मुले आहेत ज्यांची आई ऊसतोडीला गेली आहे, वडील तुरुंगात आहेत किंवा घरी परतणे सुरक्षित नाही. ती अनाथ नाहीत, तरी रात्री ताप आला तर उशाशी बसणारे घरचे कोणी त्यांना नाही.

मग खिडकीवरून सल्ला मिळतो, गावाकडची शिधापत्रिका आणा. ज्या घरात मारहाण झाली म्हणून समितीने मुलाला बाहेर काढले, त्याच घरी झेरॉक्स मागायला जायचे! बालसंरक्षणाचे काम एका कागदासाठी उलट्या दिशेने वळवणारी ही मागणी आपण कोणीही मान्य करू नये.

दुसरी अडचण रकमेची. संस्थेलाच एक कुटुंब मानले, तर पन्नास मुलांनी पाच लाख वाटून घ्यायचे का? हृदयाची एक आणि कर्करोगाची एक केस आली की बाकीच्यांचे वर्ष संपले. म्हणून संरक्षण त्या त्या मुलाच्या नावावरच हवे. हे अशक्य नाही, कारण देशाने हे करून दाखवले आहे. कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१ मध्ये जी पीएम केअर्स योजना आली, तिने प्रत्येक मुलाला अठरा वर्षांपर्यंत पाच लाखांचे आयुष्मान संरक्षण दिले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या नागरिकांना उत्पन्न न विचारता पात्र ठरवले. वय हाच पात्रतेचा आधार होऊ शकतो, तर समितीचा आदेश का नाही?

आमची मागणी एवढीच आहे. बाल कल्याण समितीचा किंवा बाल न्याय मंडळाचा आदेश हाच पात्रतेचा पुरावा मानावा. संरक्षण प्रत्येक मुलाला स्वतंत्र असावे. आणि मूल घरी परतले, प्रतिपालक कुटुंबात गेले किंवा अठराव्या वर्षी अनुरक्षणगृहात गेले, तरी ते तुटू नये. अठरावा वाढदिवस झाला म्हणून थॅलेसेमिया थांबत नाही.

हे होईपर्यंत आपल्या हातात काय आहे? अधीक्षकांनी मूल दाखल होताच आधार नोंदणी करावी. मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रमुखाने दिलेले, मुलाच्या छायाचित्रासह ओळख प्रमाणपत्र त्यासाठी चालते. पाचव्या आणि पंधराव्या वर्षीचे बोटांचे ठसे अद्ययावत करायचे राहून गेले, तर ओळख पटवताना ऐन वेळी खोळंबा होतो. बालरोगतज्ज्ञांनी बाल न्याय कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांतली मासिक तपासणी उंची-वजनावर संपवू नये. ती नोंदवही मुलासोबत प्रवास करील अशी लिहावी. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांनी आरोग्यमित्राला समितीचा आदेश एकदा नीट वाचून दाखवावा, आणि तातडीच्या वेळी दूरध्वनीवरून पूर्वमंजुरी घेण्याची सोय आहे याची आठवण द्यावी.

विमा दाखल झालेल्या रुग्णाचा असतो, हेही विसरू नये. आपल्या मुलांना रोज गांजणारी खरूज, रक्तक्षय, किडलेले दात, न मिळालेला चष्मा, झोपेत दचकून उठणे यांवरच्या रोजच्या बाह्यरुग्ण उपचारांना तो पुरत नाही. मुलांच्या अशा तक्रारी तपासून शोधणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची रचना अंगणवाडी आणि शासकीय-अनुदानित शाळांभोवती आहे. या कार्यक्रमाचे तालुक्याचे पथक आपल्या संस्थेच्या दारात येते का, हे या महिन्यात विचारून घ्या. येत नसेल तर लेखी मागणी करा.

राहिला तो रकाना. समितीने आदेशावर सही केली त्या क्षणी राज्याने त्या मुलीला सांगितले, आजपासून तुझी जबाबदारी आमची. शाळेच्या दाखल्याला आणि जेवणाच्या ताटाला हा शब्द लागू आहे, तसा शस्त्रक्रियेच्या टेबलालाही आहे. कुटुंबप्रमुख म्हणून तिथे महाराष्ट्र शासन असे लिहिता आले पाहिजे, आणि ते वाचून खिडकीमागच्या माणसाने पुढचा प्रश्न आजाराचाच विचारला पाहिजे.